गेटची चावी आणि मोहाची फुलं

शाळेच्या गेटची चावी सव्वा वर्ष माझ्याकडे होती. हिरव्या नाडीत ओवलेली, साधी पितळी चावी. आता मी शहापूरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलवर राहते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. होस्टेलच्या मुली कधी विचारतात की तू शाळेत मॉनिटर वगैरे होतीस का. मी हो म्हणते आणि विषय बदलते. त्या चावीची गोष्ट दोन वाक्यांत सांगता येत नाही. इथेही नीट सांगता येईल की नाही, मला खात्री नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. शेणव्याच्या पुढे, एसटीच्या रस्त्यावर ते मोठं गाव आहे, आणि आमची वाडी तिथून वर डोंगराला, पायी तासाभराच्या वाटेवर. मी आठवीत गेले तेव्हा शाळा बदनाम होती. नाक्यावरची मुलं कंपाउंडच्या भिंतीवर बसून मुलींना नावं ठेवायची. वाडीची मुलं आणि गावची मुलं यांची मधल्या सुट्टीत मारामारी ठरलेली. एकदा वरच्या मजल्यावरून बेंच खाली टाकला, तो खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. सरांच्या मोटारसायकलची हवा सोडायची, मग सर म्हणायचे आज शिकवायला मूड नाही, आणि साडेतीनच्या गाडीने निघून जायचे. ज्यांना परवडत होतं त्यांनी आपली मुलं किन्हवलीला घातली. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नव्हतं. आमच्या वर्गातल्या चार मुली त्या एका कारणाने घरी बसल्या.

मी नववीत गेले त्या जूनमध्ये मोठ्या बाई आल्या. मुख्याध्यापिका म्हणून. आमच्याकडे आधी कधी बाई मुख्याध्यापक नव्हत्या. त्या भातसानगरला राहायच्या. त्यांचे मिस्टर धरणावर नोकरीला होते. बाई स्कूटरवरून यायच्या. उंची कमी, आवाजही मोठा नाही. पहिल्या दिवशी त्या गेटच्या खांबाशी उभ्या राहिल्या, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि ठरल्या वेळेला स्वतः गेटला कुलूप लावलं. बाहेर शंभरेक मुलं राहिली. नाक्यावरची मुलं हसली, भिंतीवरून उड्या मारायला लागली. बाईंनी त्या मुलांना हात लावला नाही. ओरडल्याही नाहीत. जो उडी मारून आला त्याला पुन्हा गेटमधून बाहेर नेऊन सोडलं. चार-पाच वेळा. दुपारपर्यंत मुलंच कंटाळली.

नियम साधा होता. गेट बंद झालं की चालू तास संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं. वहीत नाव लिहायचं. महिन्यात तीनदा नाव आलं की पालकांनी शाळेत यायचं, ते आल्याशिवाय वर्गात बसायचं नाही.

मला शाळा बदलली असं वाटलं तो दिवस नंतर आला. गणिताचे सर दोन मिनिटं उशिरा आले. गेट लागलेलं. सर खांबापाशी थांबले, घसा खाकरला. आत बाई उभ्या होत्या.

"मॅडम, गाडी पंक्चर..."

"हो, सर. तास संपला की या."

सर बाहेर मुलांच्या रांगेत उभे राहिले. नाक्यावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, तुमी पण?"

"गप रे."

"नाय सर, सोबत झाली."

सरांना हसू आवरेना. त्या दिवसापासून सर उशिरा आल्याचं मला आठवत नाही. त्या पोराने सरांच्या गाडीची हवा पुन्हा सोडल्याचंही आठवत नाही. दिवाळीपर्यंत स्वच्छतागृहाला दार बसलं होतं.

दिवाळीनंतर बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं काहीतरी चुकलं. बाईंनी ती हिरव्या नाडीची चावी टेबलावर ठेवली.

"तू सगळ्यांत लांबून येतेस. आणि वहीत तुझं नाव एकदाही नाही. उद्यापासून गेट तू लावायचं."

मी म्हणाले, "बाई, मला नाय जमणार. पोरं ऐकायची नायत."

"तुझं ऐकायचं नाहीच आहे त्यांनी. घड्याळाचं ऐकायचं आहे."

वाडीच्या मुलीकडे चावी दिली याची गावात चर्चा झाली. मुलं मला वॉचमन म्हणायला लागली. "ए वॉचमन, शिटी कुठंय?" "वॉचमन, पगार झाला का?" एका मुलाने तर मला खाकी टोपी आणून दिली. पण मुलं गेटपाशी पळत यायला लागली. वाडीत मात्र या चावीचं केवढं कौतुक झालं! म्हातारी माणसं नाडी हातात घेऊन बघायची. सगळ्यांत जास्त खूश झाली माझी जोडीदारीण. ती आमच्या शेजारच्याच घरातली. पहिलीपासून आम्ही एकाच बाकावर. तिला चार घास खायला आधी मिळाले तर दोन माझ्यासाठी ठेवणारी. ती वाटेने चावी स्वतःच्या गळ्यात घालून चालायची आणि शाळा दिसली की माझ्या गळ्यात घालायची.

"नीट सांभाळ गो. वाडीची हाय ती," म्हणायची.

मार्च उजाडला तशी सकाळची शाळा झाली. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्याच शाळा सकाळच्या होतात. पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. गेट सव्वासातला लागायला लागलं. गावातल्या मुलांना ते सोयीचं होतं. आमच्या वाडीच्या मुलांची मात्र त्याच दिवसांत पंचाईत होते, कारण त्याच दिवसांत मोह फुलतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोहाची फुलं पहाटे गळतात. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असते. उजाडता उजाडता टोपली घेऊन जायचं आणि ऊन चढायच्या आत वेचून आणायची, नाहीतर गुरं खातात, वाळून चिकटतात. मग अंगणात वाळत घालायची. वर्षभर घरात लागतात, उरतील ती बाजारात जातात. पंधरा-वीस दिवसांचं काम, पण त्यात घरातले सगळे हात लागतात, शाळेतल्या मुलांचेही. आणि झाड ज्याचं त्याचं असतं. कागदावर कुठे लिहिलेलं नाही, पण कोणतं झाड कोणत्या घराचं ते सगळ्यांना माहीत. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. वाट तिथूनच असली तरी कडेकडेने जातात.

आधीच्या वर्षांत या दिवसांत वाडीची मुलं नऊ-दहाला शाळेत यायची, कोणी विचारायचं नाही. आता गेट होतं. वाडीची नावं वहीत भराभर यायला लागली. बाई शहराकडच्या. त्यांना वाटलं डोंगराची मुलं पहाटे उठायला आळस करतात. प्रार्थनेनंतर त्या तसं बोलल्याही. मी चावी गळ्यात घालून उभी होते. मी काही बोलले नाही. का, ते आज सांगता येत नाही. बाई माझ्यावर खूश होत्या, ते बिघडावं असं वाटलं नसेल.

मी स्वतः वेळेवर होते. त्या वर्षी बाप भिवंडीकडे वीटभट्टीवर होता. आणि आईच्या उजव्या हाताला विळा लागून टाके पडले होते. मी म्हटलं होतं, मी वेचून मग जाते. आई म्हणाली, "तू जा. तुझं गेट हाय. माझा डावा हात हाय ना, बघते मी." मी सहाला वाडी सोडायचे. दुपारी परत यायचे तेव्हा अंगणात फुलं वाळत पडलेली असायची. एका हाताने एवढी फुलं कशी झाली, हे मी आईला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर कदाचित मला थांबावं लागलं असतं, हे मनात कुठेतरी होतं.

जोडीदारणीचं नाव त्या महिन्यात दोनदा वहीत आलं. ती आता माझ्याबरोबर निघत नव्हती. मी म्हटलं, "लवकर उरक ना गो, एकदा अजून आलं तर तुझ्या बाला बोलावतील."

"उरकते," ती म्हणाली.

तिचा बाप वाईट माणूस नव्हता. पण शाळेतून बोलावणं म्हणजे पोलीस चौकीतून बोलावणं, असं त्याला वाटायचं. त्याने पहिल्या नावालाच सांगून ठेवलं होतं, "मला शाळेत बोलावलं तर दप्तर घेऊनच परत येईन. मग घरीच." तो बोलला तसं करणारा होता. म्हणजे तिसरं नाव आलं की तिची शाळा संपली. हे तिला माहीत होतं, मलाही.

तो दिवस शुक्रवार होता. सातला दहा मिनिटं झाली. बाई खांबाशी उभ्या होत्या. मी वाटेकडे बघत होते. ओढा ओलांडून मारुतीच्या देवळाच्या वळणावर ती दिसली. पळत होती. एक हात दप्तराला, एक हात वर, मला दिसावा म्हणून. घड्याळात सव्वासात झाले तेव्हा ती पन्नास-साठ पावलांवर असेल. मी कुलूप हातात धरून उभी राहिले. थोडं रेंगाळले असते तर ती आत आली असती. नाडी अडकली म्हणून सांगता आलं असतं. बाई माझ्याकडे बघतही नव्हत्या, घड्याळाकडे बघत होत्या.

मी कुलूप लावलं.

ती गेटपाशी येऊन गजाला धरून उभी राहिली. दम लागला होता. तिच्या हातांना मोहाचा गोड, उग्र वास येत होता, बोटं चिकट झालेली. मला वाटलं आता ती मला शिवी देईल.

"लावलंस? बरं केलंस," ती हळू म्हणाली. "बाई हायत तिथं."

मी वहीत तिचं नाव लिहिलं. तास संपल्यावर गेट उघडलं तर ती नव्हती. बाकीची मुलं म्हणाली, ती घरी गेली.

दुपारी मी वाडीत आले. अंगणात फुलं वाळत होती. आई ओट्यावर बसली होती, हात फडक्यात बांधलेला.

"आज काय झालं गो तिला?" आईने विचारलं. "टोपली ठेवली नि पळाली. रोज वाईच बसते, पाणी पिते."

"कोण?"

"कोण म्हणजे? आपली फुलं कोण वेचतंय? मी? या हातानं?"

मी दप्तर काढलं नव्हतं. तशीच उभी राहिले. आईला खरंच वाटत होतं की मला माहीत आहे. जोडीदारणीने आईकडून आमचं झाड वेचायला मागून घेतलं होतं. पहाटे अंधारातच आधी आमच्या झाडाखाली वेचायची, टोपली आमच्या ओट्यावर ठेवायची आणि मग स्वतःच्या झाडाखाली जायची. दुसऱ्याच्या झाडाखाली राबते म्हणून वाडीतल्या बायका तिला हसायच्याही. आणि तिथून शाळेत. तिला उशीर होत होता तो आमच्या झाडामुळे. माझ्यामुळे.

मी तिच्या घरी गेले. ती अंगणात फुलं खालीवर करत होती. बाप खाटेवर होता. मला बघून तो म्हणाला, "ये. बस. झाली तिची शाळा. वाचायला येतं, बास झालं."

मी तिला म्हणाले, "मला का नाय सांगितलंस?"

"सांगून काय? तू थांबली असतीस."

"मग?"

"मग गेट कोण लावणार? चावी गावातल्या पोरीला दिली असती बाईंनी." ती फुलं उलटी करत राहिली. "आपल्या वाडीत पहिल्यांदा आली गो ती. दोन नावांनी काय होतंय म्हटलं. तिसऱ्याला अंदाज चुकला."

मला रडू आलं. ती म्हणाली, "आता रडतेस काय, फुलं भिजतील." मग तिलाही आलं.

शनिवारी मी पावणेसातलाच शाळेत पोचले. वाडीची मुलं उशिरा का येतात, तिने काय केलं, तिचा बाप काय म्हणाला, सगळं बाईंना सांगितलं. मला सरळ बोलता येत नव्हतं, मधेच अडकत होते, पुन्हा मागून सांगत होते. शेवटी नाडी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी वही उघडून वाडीची नावं बोटाने मोजली. म्हणाल्या, "वाडीतली सगळीच मुलं? याचसाठी?"

"हो."

"मला कोणी सांगितलं नाही."

मी खाली बघितलं. सांगणारी मीच असायला हवी होते, हे त्यांना म्हणायचं नसेलही, पण मला ते कळलं.

त्यांनी चावी उचलून माझ्या हातात दिली. "सात वाजून बारा झाले. जा, गेट लाव."

मी गेट लावलं. बाहेर त्या दिवशीही वाडीची पाच-सहा मुलं होती. लावताना मला वाटलं, या बाईला काळीज नाही. रविवारभर मी हेच मनात म्हणत होते.

सोमवारी मी नेहमीप्रमाणे शाळेत आले. जोडीदारीण नव्हती. बाईही नव्हत्या. सव्वासात झाले. शिपाईकाका म्हणाले, "थांब थोडी, मॅडम येतील." गणिताचे सर म्हणाले, "थांबू नकोस." मी कुलूप लावलं. बाईंना उशीर झालाय, ही बातमी पाच मिनिटांत वर्गावर्गात गेली. मुलं खिडक्यांना लोंबकळली.

वर काय झालं ते मला नंतर जोडीदारणीने सांगितलं. बाई पहाटे स्कूटर रस्त्याला लावून एकट्या वाट विचारत दुसऱ्या पायवाटेने डोंगर चढल्या होत्या, म्हणून मला वाटेत दिसल्या नाहीत. मोहाखालच्या लोकांनी लांबून बघितलं, चष्मा, खांद्याला पिशवी, हातात वही. "फॉरेस्टवाली आली!" अशी हाळी झाली आणि निम्म्यांनी टोपल्या झुडपात लपवल्या. बाई जोडीदारणीच्या बापापाशी गेल्या.

"मी शाळेतून आले. तुम्हाला भेटायचं होतं."

तो उभा राहिला. "मी येणार नव्हतो शाळेत."

"म्हणून मी आले. भेट झाली. तसं वहीत लिहिते." आणि तिथेच वहीत लिहिलं. मग विचारलं, "हे किती वाजता उरकतं?"

"ऊन झाडाखाली आलं की. आठ, सव्वाआठ."

"मग मुलं शाळेत दहाला पोचतील?"

"पोचतील. घेतलं तर."

बाई खाली बसल्या आणि वेचायला लागल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, अशी एकेक उचललीत तर पावसाळा येल." सगळे हसले, तेव्हा कुठे झुडपातल्या टोपल्या बाहेर आल्या.

मी शाळेतून बघितलं ते एवढंच. दहाच्या सुमाराला मारुतीच्या वळणावरून बाई येताना दिसल्या. साडीला कुसळं चिकटलेली, चप्पल धुळीने पांढरी. मागे वाडीची मुलं ओळीत. शेवटी जोडीदारीण, दप्तर घेऊन. ती सगळी गेटपाशी आली. शिपाईकाका धावले, "पोरी, उघड, उघड!"

मी कुलपाला हात घातला. बाईंनी विचारलं, "कितवा तास चालू आहे?"

"तिसरा."

"किती राहिलाय?"

"पंधरा मिनिटं."

"मग?" बाई म्हणाल्या.

मी हात काढला. बाई मुलांच्या रांगेत उभ्या राहिल्या, उन्हात, गेटबाहेर. खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, तुमी पण?" गणिताच्या सरांनी त्या मुलाला आत ओढलं, पण सर स्वतः हसत होते. जोडीदारीण गजातून माझ्याकडे बघत होती.

"माझं नाव लिहिलंस?" बाईंनी विचारलं.

मी लिहिलं. अक्षर फार वाईट आलं.

दुसऱ्या दिवसापासून मोह संपेपर्यंत शाळेत दहाला आणखी एक घंटा व्हायची. वाडीच्या मुलांसाठी. बुडालेले तास बाई स्वतः दुपारी दोनपर्यंत बसून घ्यायच्या, त्या तापलेल्या पत्र्याखाली. दहा वाजून पाच मिनिटांनी मी पुन्हा कुलूप लावायचे. एकदा जोडीदारीण दहा-सातला आली आणि पूर्ण तास बाहेर उभी राहिली. तिच्या बापाने त्या दिवशी तिलाच झापलं, "एवढी सोय केली बाईनं, तरी तुला पळवत नाय?" आमच्या झाडाखाली त्या दिवसांत मी वेचत होते. सव्वासातला मी शाळेत पोचणार नव्हते, म्हणून बाईंनी सकाळचं कुलूप स्वतःकडे घेतलं आणि दहाचं माझ्याकडे ठेवलं. मीही दहाच्याच घंटेची.

पुढच्या वर्षी आम्ही दोघी दहावी झालो. तिला माझ्यापेक्षा चार मार्क कमी, हे ती अजून सांगते, जणू माझंच काही चुकलं. तिचं पुढे झालं नाही. कॉलेज शहापूरला, गाडीचा टाइम नाही, घरी धाकटी बहीण लहान. बाईंची नंतर बदली झाली. चावी मी शाळा सोडताना त्यांच्या टेबलावर ठेवली होती. नाडी बदलायला झाली आहे, एवढंच त्या म्हणाल्या. दहाची घंटा आता होत नाही असं ऐकते. गेट मात्र अजून वेळेवर लागतं.

गेल्या मार्चात मी सुट्टी काढून घरी गेले होते. उजाडायच्या आधी टोपली घेतली आणि आमच्या झाडाकडे न जाता तिच्या झाडाखाली गेले. फुलं गळत होती, सुक्या मातीवर त्यांचा टप टप आवाज येत होता. थोड्या वेळाने ती आली. अंधारात तिला माझा चेहरा दिसला नाही.

"कोण गो आमच्या झाडाखाली?"

"वॉचमन," मी म्हणाले.

ती थांबली. मग हसत येऊन बाजूला बसली आणि भराभर वेचायला लागली. मी तिच्या निम्म्याने. बरीच टोपली भरली तशी ती उठली आणि वाडीकडे तोंड करून ओरडली, "ऊठ गो! आवर! आज तुला यायला नको इकडं, जा सरळ."

थोड्या वेळाने तिची धाकटी बहीण दप्तर पाठीला लावून वाटेने खाली पळत गेली. आम्हाला बघून हात केला, थांबली नाही. सहा वाजले होते. ती वेळेवर पोचणार होती.